एकशे त्रेचाळीस नग

साइटवर माझ्या पाठीमागे मला 'स्नॅगसाहेब' म्हणतात, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. नाव शशिकांत, गाव नाशिक, पंधरा वर्षं दोह्यात. पण नावाने हाक मारणारी इथे एकच, आमची आसावरी, आणि तीही 'अहो'वरच भागवते.

स्नॅग म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. इमारतीचं आतलं काम पुरं झालं, की ताबा देण्याआधी एक माणूस हातात पॅड घेऊन फिरतो आणि उणिवा काढतो. इथे रंग उडालाय, तिथे टाइल पोकळ वाजते, या दाराला ओरखडा आहे. प्रत्येक उणिवेला नंबर, फोटो, मोजमाप. कारागिराने दुरुस्ती केली, की त्या नंबरासमोर लिहायचं 'क्लोज'. तो फिरणारा माणूस मी. माझ्या हातून सुटलेली उणीव अजून कुणाला सापडलेली नाही. अभिमान म्हणा, खोड म्हणा, आहे ती अशी आहे. घरी पोळीचा काठ जाड निघाला तरी मला दिसतो, आणि दिसला की मी बोलतो. कसा नवरा असेन, याचा अंदाज करा.

२०१८चा एप्रिल होता. जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप रशियात आणि त्याच्या पुढचा आमच्याकडे, म्हणजे कतारमध्ये. पंधरा वर्षं काढली की तोंडातून 'आमच्याकडे'च येतं. मेट्रोसाठी सगळं दोहा उकरून ठेवलेलं, रोज एक रस्ता बंद, रोज एक नवा वळसा. जो तो 'यल्ला यल्ला', म्हणजे 'चला चला', करत पळत होता. त्यात आमच्या कंपनीला एक छोटं काम मिळालं. या वेळच्या यजमानाची शहरं पुढच्या यजमानाला दाखवायची, असं एक प्रदर्शन होतं, त्याचं आतलं सगळं काम आमचं. ज्या शहरांत सामने होणार, त्यांना मोठमोठे गाळे, स्टेडियमची मॉडेलं, झगमगते दिवे. आणि एक शहर होतं वोलोग्दा. तिथे एकही सामना नव्हता. कुणाच्या तरी आग्रहाने यादीत आलं असावं. त्याला मिळाला आग लागल्यावर बाहेर पळायच्या दाराशेजारचा कोपरा, चार मीटर बाय तीन.

त्या कोपऱ्यासाठी विमानाने तीन खोकी आली. सोबत येणाऱ्या बाईंचा व्हिसा अडकला होता, त्या चार दिवसांनी येणार होत्या. खोक्यावर एक लांबलचक कागद चिकटवलेला, सगळा रशियनमध्ये. आम्ही काय केलं? त्याची झेरॉक्स काढली, फाइलला लावली, पुढे गेलो. कागद फाइलला लागला की तो वाचल्यासारखाच, ही आमच्या धंद्याची रीत.

सगळ्यांत मोठ्या खोक्यात एक अख्खी खिडकी निघाली. तावदानं, चौकट, बाहेरून चौकटीभोवती नक्षीचं लाकूड. वरती अर्धा सूर्य, त्याच्या दोन्ही बाजूंना मान वळवून पाहणारे पक्षी, खाली लाटा. सगळं पाइनच्या लाकडाचं, शंभर वर्षांच्या पावसा-बर्फाने करडं पडलेलं. आम्ही ती एका खोट्या भिंतीत बसवली. समोरून नक्षी दिसेल आणि मागे गेलं की आतली बाजू, खालची रुंद फळी, जिच्यावर कोपर टेकून माणूस बाहेर बघतो.

बसवून झाल्यावर मी पॅड घेऊन आलो. नक्षीला हात लावला नाही, एवढी अक्कल होती. ती 'वस्तू', तिला जुनं दिसायची परवानगी. पण आतली फळी? तिच्या पुढच्या कडेला ओरखडेच ओरखडे. ओळीने, जवळजवळ, बोटाच्या पेरापेक्षा लहान. कुणीतरी सुरीने कोचून ठेवल्यासारखी फळी. मी खाली बसलो, चष्मा लावला आणि एकेक मोजून काढला. प्रत्येकाचा फोटो, शेजारी पट्टी धरून. 'क्र. १७, डाव्या टोकापासून १९४ मिमी, लांबी ११ मिमी.' 'क्र. १८, २०१ मिमी, लांबी १२ मिमी.' दोन तास गेले. एकूण ओरखडे एकशे त्रेचाळीस नग.

आमचा सुतार मन्सूरभाई मुकादम. श्रीवर्धनकडचा, घराणं होड्या बांधणाऱ्यांचं, स्वतः पंचवीस वर्षं आखातात. दोह्याच्या नजमा भागात एका खोलीत सहाजणांत राहतो आणि लाकडाला हात लावायच्या आधी बिस्मिल्ला म्हणतो. मी यादी त्याच्या हातात दिली.

तो फळीपाशी उकिडवा बसला, कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "साहेब, ह्या रेघा कुणी मुद्दाम मारल्याती. चुकून लागलेलं लाकूड असं नाय दिसत."

"मुद्दाम मारल्या म्हणून काय शाळेतली बाकं तशीच ठेवायची? पुट्टी भरा, पॉलिश पेपर मारा, वर मेलामाइनचा चकचकीत हात द्या."

"म्हातारं लाकूड हाय ओ. त्याला मेलामाइन नको."

"मन्सूरभाई, परवा कन्सल्टंट येतोय. मला एकशे त्रेचाळीस क्लोज पाहिजेत. खलास."

त्याने यादी घडी करून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने सांगितलं, झालं. मी कडेवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, रंगाला रंग मिळालेला. मी एकशे त्रेचाळीस वेळा 'क्लोज' लिहिलं आणि त्या दिवशी घरी येऊन पोळीबद्दल अवाक्षर काढलं नाही, इतका खूश होतो.

मग नीना वासिल्येव्ना आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा आंबाडा, एका हातात दोह्याच्या उकाड्यात अगदीच हास्यास्पद असा लोकरी कोट. मी त्यांना मनातल्या मनात नीनाबाई करून टाकलं. इंग्रजी मोडकं पण नेटकं बोलत. कोपरा पाहून नाक मुरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "छान. आमचं शहर नेहमी दाराजवळच उभं असतं."

खिडकीमागचे दिवे त्या दिवशी लागायचे होते, मागची बाजू अंधारात होती. त्यांनी समोरूनच नक्षीला डोकं टेकवल्यासारखं केलं आणि दुसरं खोकं उघडायला बसल्या. त्यात लेस होती. आमच्या आसावरीचं क्रोशाचं काम मी रोज बघतो, त्यामुळे मला वाटलं, असेल तसंच. नव्हतं. एक पांढरी पट्टी वळत, लपेटत, फुलं करत, पानं करत जाते आणि कुठेही तुटत नाही. मी चष्मा लावून जोड शोधला. सापडेना. माझ्यासारख्याला जोड सापडेना म्हणजे काय ते समजा. त्या म्हणाल्या, चांगल्या कारागिरणीची पट्टी सुरू कुठे झाली ते कळू नये, अशीच आमच्याकडची शिकवण आहे. बर्चच्या लाकडाच्या छोट्या रिळांवर ही लेस विणतात आणि बायका विणायला बसल्या की खोलीभर त्यांची टकटक चालते.

मग काळ्या चहाचे कप घेऊन आम्ही चौघं-पाचजण खोक्यांवर बसलो आणि त्या आपलं शहर सांगत राहिल्या. मला काम होतं, पण उठवेना. वोलोग्दा म्हणे मॉस्कोच्याच वयाचं. साडेचारशे वर्षांपूर्वी एका झारच्या मनात आलं, हीच राजधानी करावी. त्याने पांढरं, प्रचंड चर्च बांधायला काढलं. चर्चचं तोंड पूर्वेला हवं, याने नदी दिसावी म्हणून ईशान्येला वळवलं. काम होत आलं आणि लोक सांगतात तसं, एक दिवस तो आत उभा असताना छताचा एक तुकडा निसटला आणि थेट त्याच्या डोक्यात पडला. झार संतापला, घोड्यावर बसला आणि गेला तो पुन्हा आलाच नाही.

"एक स्नॅग," मी म्हणालो.

मी त्यांना शब्द समजावून दिला. त्या इतक्या हसल्या, की डोळे पुसायला लागल्या. "हो मिस्टर शशी, एक स्नॅग. आणि त्या एका स्नॅगने आमचं शहर वाचवलं. राजधानी झाली असती, तर लाकडी घरं कुणी ठेवली असती?"

हे मला कधी सुचलं नव्हतं. उणिवेने काही वाचतं, हे माझ्या नोकरीत बसतच नव्हतं.

पुढची गोष्ट मन्सूरभाईला आवडली. प्लेगची साथ आली होती. गावकऱ्यांनी नवस केला की एका दिवसात लाकडी चर्च उभं करू, आणि मशाली पेटवून कामाला लागले. दुसऱ्या दिवशी उभं. ओंडके कुणी आणले, कुणी तासले, कुणी चढवले, नावं नाहीत. साथ ओसरली. पुढे तिथे दगडी चर्च आलं, मग तेही पाडलं गेलं. पण तो एक दिवस अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मन्सूरभाई म्हणाला, "साहेब, आपण बाथरूमच्या एका सिलिंगला सहा आठवडे लावले." मी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण खरंच होतं.

खरं सांगतो, मला त्या शहराचा हेवा वाटला. मोठं नाही, श्रीमंत नाही, फुटबॉलचा सामनासुद्धा वाट्याला नाही. पण त्यांचं नावाजलेलं लोणी, त्यांची लेस, त्यांच्या खिडक्या, सगळं हातचं आणि सगळ्याला गोष्ट. या बाई ते शहर पोटच्या पोरासारखं सांगत होत्या. इथे रोज काचेचा एक मनोरा उभा राहतो, मी स्वतः त्यांतल्या बावीस इमारतींचे ताबे दिलेत, आणि एकाचीही गोष्ट मला सांगता यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे दिवे लागले. नीनाबाई खिडकीमागे गेल्या. मी पुढच्या बाजूला होतो, तावदानातून त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी सवयीने हात फळीच्या कडेवर ठेवला. हात एकदा डावीकडून उजवीकडे गेला. मग परत. मग त्यांनी वाकून पाहिलं. नखाने कड पुन्हा चाचपली.

"इथे खुणा होत्या," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. खिडकी त्यांच्या आजीच्या घरातली. १९४१च्या जुलैत आजोबा लढाईवर गेले. आजी दर रविवारी त्या खिडकीपाशी उभी राहायची आणि भाजीच्या सुरीने कडेला एक खूण करायची. वोलोग्द्यात तेव्हा जखमींच्या गाड्या येत, जर्मनांनी वेढलेल्या शहरातून सुटलेली उपाशी माणसं येत, सगळं गाव दवाखाना झालं होतं. आजी कामावरून येताना स्टेशनवर प्रत्येक गाडी बघायची. एकशे बेचाळीस आठवडे. एकशे बेचाळिसाव्या खुणेनंतर आजोबा आले, एक पाय नव्हता, स्टेशनपासून कुबड्यांवर चालत. नीनाबाई लहानपणी आकडे मोजायला त्या खुणांवरच शिकल्या. घर पुढे पाडलं. त्यांनी म्युझियममध्ये नोकरी धरली आणि ही खिडकी तिथे नेऊन ठेवली. तेवढंच उरलं होतं.

"तुम्ही इथे काही केलं का?" त्यांनी मला विचारलं. आरोप नव्हता, नुसतं विचारलं.

आणि मी म्हणालो, "नाही. आली तशीच आहे."

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका लिहिणारा मी, माझी पहिली मोठी चूक समोर उभी राहिली तर एका श्वासात खोटं बोललो. मन्सूरभाई दोन पावलांवर होता. त्याला इंग्रजी एवढं नक्की कळतं. त्याने मान खाली घातली.

नीनाबाई फोन घेऊन बाहेर गेल्या. काचेतून दिसत होत्या, बोलता बोलता रडत होत्या. परत आल्यावर म्हणाल्या, "गलिनाने पॅक केलं होतं. माझी तीस वर्षांची मैत्रीण. ती म्हणते, तिने हात लावला नाही. पण मग दुसरं कोण? बहुतेक साफ करायला गेली असेल. मी तिला फार वाईट बोलले. डायरेक्टरला कळवावं लागेल, तिची नोकरी जाईल."

प्रदर्शनाचं उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता होतं.

घरी आलो. आसावरीने पान वाढलं. मी जेवेना. तिने दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसलो. तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, शेवटच्या खोट्यासकट. ती ऐकत होती. सुरीच्या खुणांपाशी तिचा हात वाढता वाढता थांबला, एवढं मला दिसलं. मला सगळं दिसतं, त्याचा अर्थ मात्र कळत नाही.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मोजायला दोन तास बसलात," ती म्हणाली, "आता आपलं मुसळ सांगायला किती वेळ लागतो बघू."

"नोकरी जाईल माझी."

"त्या गलिनाची जातेच आहे." तिने भात वाढला. "सकाळी मी पण येते. डबा घेऊन. त्या बाई परमुलखात एकट्या आहेत."

सकाळी आठला नीनाबाई खिडकीपाशीच होत्या. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. पॅड पुढे केलं आणि म्हणालो, "मी केलं. मला उणीव वाटली. काल खोटं बोललो. तुमच्या मैत्रिणीला आत्ता फोन करा, आधी तो करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थप्पड मारली असती तरी मला चाललं असतं. त्यांनी तिथेच फोन लावला. रशियन मला येत नाही, पण माफी मागण्याचा सूर सगळ्या भाषांत तोच असतो. बोलणं बराच वेळ चाललं. आमच्या मॅनेजरनेही ऐकलं, त्याने मला बाजूला घेऊन जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मी निमूट ऐकून घेतलं.

फोन संपल्यावर त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग? गेल्या त्या खुणा."

तेव्हा मन्सूरभाई पुढे आला. टोपी काढून, चोर असल्यासारखा. मला मराठीत म्हणाला, "साहेब, माफी करा. मी तुमचं आयकलं नाय."

"म्हणजे?"

"पुट्टी नाय भरली. पेपर नाय मारला. मेलामाइन पण नाय. नुसतं मधाच्या पोळ्याचं मेण रंगवून भरलं आणि फडक्यानं पुसलं. माझा बाप सांगायचा, दुसऱ्याच्या होडीवरली खूण बुजवायची तर अशी बुजवावी, की त्यानं मागितली तर परत देता आली पाहिजे."

माझ्या हाताखालचा माणूस माझं ऐकत नाही, याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला. पाय धरायचे तेवढे राहिले. मी नीनाबाईंना सांगितलं. त्यांनी मन्सूरभाईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तो बिचारा लाजून लाल झाला.

आता प्रश्न असा, की मेण काढायचं कसं आणि कुठून. मन्सूरभाईने रंग इतका बेमालूम मिळवला होता, की त्याला स्वतःला जागा दिसेनात. पटाशी लावली तर लाकूड दुखावणार. तेव्हा माझी यादी कामाला आली. प्रत्येक खूण, टोकापासून किती मिलिमीटर, लांबी किती, फोटो. मी पट्टी धरून जागा सांगायची, मन्सूरभाईने केस वाळवायच्या यंत्राने लांबून जरा ऊब द्यायची आणि मेण उचलायचं आसावरीने. तिच्या पिशवीत क्रोशाच्या सुया नेहमीच असतात. सर्वांत बारीक सुईचा आकडा त्या खाचेत अलगद जात होता. नीनाबाई सुती फडक्याने पुसत होत्या.

सव्वानऊला पहिली खूण उघडी झाली. नीनाबाईंनी तिच्यावर नख ठेवलं आणि रशियनमध्ये म्हणाल्या ते 'एक' असावं.

पन्नाशी झाली तेव्हा आसावरीने डबा उघडला. थालीपीठ आणि घरचं लोणी. नीनाबाईंनी लोणी चाखलं आणि सांगितलं, की वोलोग्द्यात साय आधी चांगली तापवतात, मग घुसळतात, त्याने लोण्याला अक्रोडासारखी चव येते. आसावरी म्हणाली, हे मी उद्याच करून बघते. दोघींची भाषा एक नाही, पण लोण्यावर त्या पाव तास बोलल्या. मी घड्याळ दाखवलं. नीनाबाई म्हणाल्या, "मिस्टर शशी, आमच्या लोकांनी एका दिवसात चर्च बांधलं होतं. बसा, खा."

तीन वाजता एकशे बेचाळीस झाल्या. यादीत एक नंबर उरला. तो मी वाचला आणि थबकलो. "क्र. १४३. लांबी १९ मिमी, तिरका, कड फुटलेली." नीनाबाईंनी मान हलवली. आजीची ही नव्हे. आजीच्या सगळ्या सरळ. मन्सूरभाईने फोटो पाहिला आणि लगेच ओळखलं. खोक्याच्या खिळ्याचा ओरखडा होता. प्रवासात झालेलं खरं नुकसान, अख्ख्या यादीत खरीखुरी उणीव ती एकच.

"ही राहू द्या बुजलेली," मी म्हणालो. "ही खरी स्नॅग आहे. नियमाने क्लोज."

"नको," नीनाबाई म्हणाल्या. "उघडा. आजी आयुष्यात कधी वोलोग्द्याबाहेर गेली नाही. तिची खिडकी दोह्याला आली होती, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे."

तीसुद्धा उघडली. मग त्यांनी माझ्याकडून ती यादी मागून घेतली, म्युझियमसाठी. त्यांच्याकडे आजवर त्या खुणांचं मोजमाप कुणी केलेलं नव्हतं. मी आधी प्रत्येक 'क्लोज' खोडून पुढे 'ओपन' लिहिलं, एकशे त्रेचाळीस वेळा, आणि खाली सही केली. माझ्या नोकरीत एवढ्या ओपन नगांवर मी कधी सही केलेली नाही.

पाच वाजता पाहुणे आले. मोठ्या गाळ्यांतली स्टेडियमं बघून लोक बाहेर पडायच्या दाराकडे येत आणि कोपऱ्याशी थांबत. एक कतारी आजोबा, पांढरा शुभ्र थोब घातलेले, नीनाबाईंकडून सगळं ऐकून फळीच्या कडेवर बोट फिरवत किती वेळ उभे होते. म्हणाले, त्यांच्या आजीचा नवरा मोत्यांसाठी समुद्रावर जायचा. "शुक्रन," म्हणाले आणि गेले. आमच्या कंपनीने मला लेखी ताकीद दिली, नोकरी राहिली.

हे सगळं मी फुशारकीने सांगत असतो. पुढचं कुणाला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी आसावरी सुया पुसून पिशवीत ठेवत होती. खाली बघतच म्हणाली, "मी पण करत होते."

"काय करत होतीस?"

"रेघा. नाशिकला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला, आतून, पेन्सिलने. तुमचा शुक्रवारी फोन यायचा ना, तो झाला की एक."

मी २००३ला एकटाच आलो होतो. घरी आई, मुलीची शाळा. आसावरी नऊ वर्षांनी इथे आली.

"मला कधी दिसल्या नाहीत," मी म्हणालो.

"दिसल्या होत्या की. दोन हजार बाराला घर बंद करायला आलात, तेव्हा म्हणालात, हे दार केवढं घाण केलंय. रंगारी बोलावलात."

"सांगायचं नाहीस का?"

"तुम्ही त्या रंगावर किती खूश होतात."

जुलैत सुट्टीवर गेलो. सामान दारातच टाकलं आणि आधी स्वयंपाकघर गाठलं. कपाटाचं दार उघडलं. आतून मलई रंगाचा ऑइलपेंट, सहा वर्षांनीसुद्धा एक डाग नाही, एक पोपडा नाही. मी पिशवीतून पत्र्याची खरवडणी काढली. मन्सूरभाईने मुद्दाम बारीक धारेची दिली होती.

"राहू द्या," आसावरी मागून म्हणाली. "खाली काही नाही. रंगाच्या आधी तुम्ही पॉलिश पेपर मारून घेतला होतात. शेजारी उभं राहून."

मला आठवलं. दोनदा मारून घेतला होता. पहिल्यांदा नीट गेलं नव्हतं म्हणून.

मी खाली फरशीवर बसलो. या दाराचा फोटो नव्हता, मोजमाप नव्हतं, कसलीही यादी नव्हती. जगातल्या सगळ्या दारांच्या याद्या केल्या, ही एक केली नाही. मी पॅड मागितलं. तिने आणून दिलं. मी रकाने आखले. 'क्रमांक' लिहिलं. 'दोष' लिहायची सवय, ते लिहिलं आणि खोडलं.

"एकूण नग किती?" मी विचारलं.

"चारशे एकतीस. सुट्टीत तुम्ही घरी असायचात ते शुक्रवार मी धरत नव्हते."

"सांग. पहिली."

"अहो, आता काय उपयोग त्याचा?"

"तू सांग."

ती समोर पाटावर बसली. त्या कोऱ्या दाराकडे तिने पाहिलं. मग म्हणाली, "पहिली. त्या शुक्रवारी तुमचा फोन आलाच नव्हता. मी अकरापर्यंत बसले होते. तरी मारली."

मी लिहून घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सतरापर्यंत आलो.